आधी बॉल बघा, मग स्विंग: बॉल हवेत का वळतो ते समजून गोल्फ कसं शिकवायचं

गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सकाळी साडेसहाला जाऊन नुसतं उभं राहिलं तरी पाच मिनिटांत एक वाक्य कानावर पडतंच, "डोकं उचललंत, म्हणून गेला." बॉल उजवीकडे गेला तरी डोकं, डावीकडे गेला तरी डोकं, जमिनीवरून घरंगळत गेला तरी डोकंच. मी पुण्यात गोल्फ शिकवतो आणि सुरुवातीची काही वर्षं मला जे शिकवलं गेलं होतं तेच पुढे सांगत होतो, त्यातले काही लोक सुधारायचे, काही वर्षभर तिथल्या तिथे राहायचे, आणि का सुधारले किंवा का राहिले हे मला सांगता यायचं नाही, याचा फार त्रास व्हायचा कारण माणूस पैसे देतो, पहाटे उठून येतो, आपल्यावर विश्वास ठेवतो. बॉल हवेत का वळतो हे नीट बसून समजून घेतलं तेव्हापासून शिकवण्यात फरक पडला. म्हणून हे लिहितोय, नवीन कोचसाठी, कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग वाहायचं, काम करता करता शिकवायला लागलेल्या मुलांसाठी, पोराला रेंजवर आणणाऱ्या आईबापांसाठी, आणि जे स्वतःच स्वतःला शिकवतायत त्यांच्यासाठी पण. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशोबाने लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलटं करून वाचा.

बॉलला काय कळतं

बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचे दोन हजार तुकडे केले तर त्यातला एक. सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, ताशी ९० मैलाने येत असेल तर तेवढ्या वेळात क्लब दोन सेंटीमीटरसुद्धा पुढे सरकत नाही. हाताला धक्का जाणवेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो, त्यामुळे "मारल्यावर मनगट असं फिरवा" वगैरे करून बॉल वळवता येत नाही, फॉलो-थ्रू, म्हणजे मारल्यानंतरचा स्विंग, बघून आधी काय झालं असेल याचा अंदाज येतो एवढंच.

आणि त्या अर्ध्या मिलिसेकंदात बॉलला तुमचं डोकं कुठे होतं, डावा हात सरळ होता का वाकला, कंबर किती फिरली यातलं काहीही माहीत नसतं. त्याला पाचच गोष्टी कळतात. फेस, म्हणजे क्लबची बॉलला लागणारी बाजू, कुठे बघत होता, क्लब डावीकडे चालला होता की उजवीकडे, वरून खाली येत होता की खालून वर, वेग किती होता, आणि फेसच्या नेमक्या कुठल्या जागी लागला. अंगाच्या सगळ्या हालचाली या पाचांपैकी कशावर तरी परिणाम करतात म्हणूनच त्यांना अर्थ आहे. कोचने करेक्शन द्यायच्या आधी स्वतःला विचारायचं, मी आत्ता जे सांगणार आहे त्याने या पाचातलं काय बदलणार? उत्तर येत नसेल तर गप्प बसायचं.

जुना नियम आणि खरा नियम

बरीच वर्षं जगभर कोचना असं शिकवलं जायचं की बॉल सुरुवातीला क्लबच्या पाथच्या, म्हणजे क्लब ज्या वाटेने येतो तिच्या, दिशेने निघतो आणि मग फेस जिकडे बघत असेल तिकडे वळत जाऊन पडतो. ऐकायला एकदम पटतं. पण ते बरोबर नाही. फिजिक्सवाल्यांना हे आधीपासून माहीत होतं, पण रेंजवर पोचलं ते डॉपलर रडारची मशिनं आल्यावर, डेन्मार्कची ट्रॅकमॅन ही कंपनी २००३ ची, त्यानंतरच्या काही वर्षांत प्रत्येक शॉटचा फेस, पाथ, स्पिन आकड्यांत दिसायला लागला आणि मग वाद संपला.

खरं असं आहे की बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, साधारण ८५ टक्के फेस आणि १५ टक्के पाथ, आयर्नला ७५ आणि २५ धरा. आणि वळतो तो पाथपासून लांब, म्हणजे फेस आणि पाथ यांच्यात जेवढी फट तेवढा वळण्याचा जोर. फेस पाथच्या उजवीकडे बघत असेल तर बॉल उजवीकडे वळणार, डावीकडे बघत असेल तर डावीकडे. फेस टार्गेटच्या हिशोबाने उघडा (उजवीकडे) की बंद (डावीकडे) हे वळण्यासाठी महत्त्वाचं नाही, पाथच्या हिशोबाने उघडा की बंद हे महत्त्वाचं. हे वाक्य दोनदा वाचा, कारण अर्धे कोच इथेच चुकतात.

शिकणाऱ्याला हे असं सांगितलं तर तो गोंधळतो. मी कॅरम सांगतो. कॅरमवर स्ट्रायकर कुठूनही तिरका येऊ दे, सोंगटी जाते ती दोघं जिथे टेकले त्या जागेवरून सरळ समोर, स्ट्रायकरच्या वाटेने नाही जात. कट मारताना आपण नेमकं हेच वापरतो, सोंगटीच्या कडेला मारायचं आणि ती पॉकेटमध्ये. बॉलच्या सुरुवातीच्या दिशेचं तसंच, क्लबची वाट थोडीशीच मोजली जाते, ज्या पृष्ठभागाला बॉल टेकला तो कुठे बघत होता ते जास्त. क्रिकेटवाल्याला तर सांगायचीच गरज नाही, बॅटचा फेस उघडला की बॉल पॉइंटला.

वळण्यासाठी टेबल टेनिसची बॅट. माझ्या बॅगेत एक जुनी रबर गेलेली बॅट कायम असते. माणसाच्या हातात द्यायची, म्हणायचं फेस सरळ जाळीकडे ठेवा आणि हात उजवीकडून डावीकडे ओढत बॉलला घासा. बॉल सरळ निघतो आणि उजवीकडे वळतो. बघितल्या बघितल्या चेहऱ्यावर कळतं, आणि बहुतेक जण आपणहून म्हणतात, "म्हणजे मी ड्रायव्हरने हेच करतोय." तिथून पुढे काम सोपं.

बॉलला साइडस्पिन नावाचा वेगळा स्पिन नसतो हे पण कोचने समजून घ्यावं. बॉल एकाच अक्षावर फिरतो, भोवऱ्यासारखा. तो अक्ष आडवा असेल तर नुसता बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेने फिरणं, हवा बॉलवरून जाताना खाली ढकलली जाते आणि बॉलला वर उचल मिळते. अक्ष कलला की ती उचल पण कलते आणि बॉल त्या बाजूला ओढला जातो. विमान कसं एका पंखावर झुकून वळतं, तसं. यालाच मॅग्नस इफेक्ट म्हणतात. एडिंबराचे प्रोफेसर टेट यांनी १८९० च्या दशकात बॉलला लांब टेप लावून तो मारून, टेपला किती पीळ पडले ते मोजून बॉलचा स्पिन काढला होता, म्हणजे बघा रडार नव्हतं तेव्हाही माणसाने हे शोधून काढलं.

एकाच स्विंगने वेज सरळ आणि ड्रायव्हर जंगलात, का?

वेज म्हणजे जवळून उंच मारायचा क्लब, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. "सर, वेज छान जातो हो, ड्रायव्हर हातात घेतला की काय होतं कळत नाही." कोच मग ड्रायव्हरचा स्विंग वेगळा शिकवायला लागतो. बऱ्याचदा स्विंग तोच असतो.

हिशोब करून दाखवतो. समजा फेस टार्गेटच्या २ अंश उजवीकडे आणि पाथ ४ अंश डावीकडे, म्हणजे दोघांत ६ अंशांची फट. अक्ष किती कलणार हे त्या फटीवर आणि बॉलला मिळणाऱ्या उभ्या लॉफ्टवर, म्हणजे फेसच्या मागे कललेल्या उतारावर, ठरतं. ड्रायव्हरला तो लॉफ्ट समजा १३ अंश, तर १३ ला ६ म्हणजे अक्ष जवळपास २५ अंश कलला. पिचिंग वेजला तोच आकडा ४० च्या आसपास, मग ४० ला ६, कल फक्त ८-९ अंश. ढोबळ नियम असा की अक्षाच्या प्रत्येक एका अंशाला बॉल आपल्या अंतराच्या साधारण ०.७ टक्के बाजूला वळतो. वेज १०० यार्डावर ६ यार्ड वळला, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, आहे, टाळ्या. ड्रायव्हर २०० यार्डावर ३५ यार्ड वळला, वर निघालाच थोडा उजवीकडे, गेला झाडीत. दोष एकच होता, वेजच्या बॅकस्पिनने तो झाकला. म्हणून पहिल्या दिवशी फक्त वेज बघून "तुमचा स्विंग मस्त आहे" असं कोणाला म्हणू नका, सहा-सात नंबर आयर्न आणि ड्रायव्हर दोन्ही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. या माणसाला कॅडी, मित्र, सगळे सांगतात, "डावीकडे एम (नेम) करा." तो आणखी डावीकडे वळून उभा राहतो, आणखी डावीकडे ओढतो, पाथ होतो ८ अंश डावीकडे, आणि बॉल डावीकडेच जाऊ नये म्हणून हात नकळत फेस सरळ टार्गेटकडे धरून ठेवतात. फट झाली ८. बॉल निघतो टार्गेटच्या चार यार्ड डावीकडे आणि वळतो ४४ यार्ड, म्हणजे पडतो तिथेच, आधीपेक्षा थोडा जास्त वाकडा होऊन. एक काका होते, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी असं करत करत तीन वर्षं काढली होती, उभे राहायचे तेव्हा त्यांची छाती जवळपास टार्गेटकडे असायची. त्यांची चूक अजिबात नव्हती, बॉल उजवीकडे जातोय तर डावीकडे मारावं हे कोणीही करेल, त्यांना कोणी बॉल का वळतो ते सांगितलंच नव्हतं.

मग प्रत्यक्षात कसं करायचं

पहिले सात-आठ बॉल तोंड उघडायचं नाही. शिकणाऱ्याच्या मागे, बॉल आणि टार्गेट यांच्या रेषेत बरोबर उभं राहायचं, दोन फूट बाजूला राहिलात तरी दिशा चुकीची दिसते. नजर सवयीने बॉल पडतो तिथे जाते, ती अडवायची, आधी फक्त पहिले वीस-पंचवीस यार्ड बघायचे, बॉल कुठे निघाला. लांबचा एखादा खांब किंवा झाड पकडून ठेवा, त्याच्या डावीकडून निघाला की उजवीकडून. मग वळला कुठे. वहीत फक्त दोन बाण काढायचे, निघाला तो आणि वळला तो. मोबाईल असेल तर त्याच रेषेत, हाताच्या उंचीला ठेवून स्लो-मोशन लावा, पण मोबाईल तिरका ठेवला तर तो धडधडीत खोटं दाखवतो, आणि कित्येक कोच तसल्या व्हिडिओवर रेघा मारून लोकांचे चांगले स्विंग बिघडवतात हे मी बघितलंय.

दोन बाणांवरून वाचायचं असं. सरळ निघून उजवीकडे वळला तर फेस जवळपास टार्गेटकडे होता आणि पाथ डावीकडे. डावीकडे निघून उजवीकडे वळला तर पाथ फारच डावीकडे. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळला तर फेस चांगलाच उघडा, पाथ कदाचित एकदम ठीक असेल. उजवीकडे निघून डावीकडे परत आला तर तो ड्रॉ, हात लावू नका. उजवीकडे निघून सरळच गेला तर फेस आणि पाथ दोघंही उजवीकडे, बऱ्याचदा माणूस उभाच तिकडे तोंड करून असतो, पायाजवळ एक काठी ठेवून दाखवा, झालं. हुकवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा बॉल जोरात डावीकडे वळतो त्यांच्यासाठी, हेच आरशात बघा.

याचा फायदा काय, तर एका सकाळी माझ्याकडे शेजारी शेजारी दोन जण होते, दोघांचे बॉल उजवीकडच्या जाळीच्या त्याच एका खांबापाशी पडत होते, दोघंही स्वतःला स्लाइसवाले, म्हणजे बॉल जोरात उजवीकडे वळणारे, म्हणत होते. एकाचा बॉल डावीकडून निघून जात होता, दुसऱ्याचा निघतानाच उजवीकडे. पहिल्याला पाथचं काम, दुसऱ्याला फक्त ग्रिपचं, म्हणजे क्लब पकडण्याचं. दोघांना एकच ड्रिल दिलं असतं तर एक सुधारला असता आणि दुसरा घरी जाऊन म्हणाला असता गोल्फ आपल्याला जमत नाही.

पण थांबा, निदान करायच्या आधी अजून एक गोष्ट बघायची असते आणि ती मी बरीच वर्षं बघत नव्हतो. बॉल फेसवर कुठे लागतोय. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला, जिथे क्लब लागणार तिथे, जाडसर ठिपका काढा आणि मारायला सांगा, ठिपका फेसवर उमटतो. पायाला मारायची पावडरचा स्प्रे मिळतो तो फेसवर हलका मारला तरी छाप स्वच्छ दिसते. ओल्या फडक्याने पुसलं की जातं.

नववीतली एक मुलगी होती, ड्रायव्हर कायम उजवीकडे वळायचा. आधीच्या ठिकाणी तिच्या पाथवर सहा महिने काम झालं होतं, पाथ सरळ होता, तरी बॉल वळतच होता, बिचारी रडकुंडीला आली होती. मार्कर लावला तर पाचही ठिपके हीलवर, शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, एकावर एक. ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं, त्यामुळे बॉल मध्यावर न लागता कडेला लागला की डोकं त्या वजनाभोवती गर्रकन फिरतं आणि बॉल त्याच्या उलटा फिरतो, एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखा, म्हणून त्याला गिअर इफेक्ट म्हणतात. हीलवर लागला तर स्लाइसचा स्पिन, टोवर, म्हणजे दुसऱ्या टोकाला, लागला तर हुकचा. फेस आणि पाथ दोन्ही अगदी बरोबर असले तरी. तिला बॉलपासून जेमतेम दोन बोटं लांब उभं केलं आणि वजन पंजावरून थोडं मागे घ्यायला सांगितलं, तिसरा बॉल सरळ गेला. तिने वळून माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. आयर्नमध्ये वजन फेसच्या जवळ असतं म्हणून हा प्रकार फार कमी, तिथे कडेला लागला की अंतर जातं आणि हात झिणझिणतात. म्हणजे ड्रायव्हर वळतोय आणि आयर्न सरळ, असं दिसलं की दोन शक्यता तपासायच्या, वर सांगितलेला लॉफ्टचा हिशोब आणि ठिपका.

आधी फेस, मग पाथ

ठिपका मध्यावर आहे आणि बॉल खरंच फेस-पाथच्या फटीमुळे वळतोय असं नक्की झालं की माझा क्रम ठरलेला आहे, आधी फेस. कारण सांगतो. माणूस डावीकडे का ओढतो? बॉल उजवीकडे जातो म्हणून. मग ग्रिप थोडी मजबूत करून, डावा हात एवढा उजवीकडे फिरवून की खाली बघितल्यावर दोन ते तीन नकल्स, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेली हाडं, दिसतील, फेस बंद व्हायला लागला की बॉल पहिल्यांदाच डावीकडे जायला लागतात. दहा-पंधरा बॉल डावीकडे गेले की शरीर आपणहून उजवीकडे मारायला लागतं, पाथचं अर्धं काम कोचने शब्द न बोलता होतं. उलटं केलं, म्हणजे फेस उघडा असताना आधी पाथ उजवीकडे नेला, तर बॉल उजवीकडे निघतात आणि उजवीकडेच राहतात, माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी जुन्या सवयीवर परत.

इथे शिकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आता बॉल डावीकडे जाणार आहेत आणि ते चांगलं लक्षण आहे. नाहीतर त्याला वाटतं कोचने बिघडवलं. मी तर सरळ सांगतो, "आज मला एक सरळ बॉल नकोय, मला दहा हुक मारून दाखवा." ज्या माणसाने आयुष्यात हुक मारला नाही तो हुक मारतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की फेस आपल्या हातात आहे. त्याच्यानंतर सरळ मारणं म्हणजे दोघांच्या मधलं काहीतरी.

पाथसाठी साधं आहे, बॉलच्या पलीकडे, एक बॉलभर जागा सोडून, क्लबचं कव्हर ठेवा, बाहेरून येणारा क्लब त्याला लागतो. सात नंबरने अर्ध्या वेगाने सुरुवात करा. आणि ड्रायव्हरला बॉल कुठे ठेवलाय ते बघा, हे बहुतेक वेळा निसटतं. क्लब एका कलत्या गोल वाटेवर फिरतो, गोलाच्या तळाच्या आधी तो खाली आणि उजवीकडे जात असतो, तळानंतर वर आणि डावीकडे. बॉल डाव्या टाचेच्याही पुढे ठेवला की क्लब पोचेपर्यंत वाट डावीकडे वळलेली असते आणि खांदे पण उघडतात. कित्येक स्लाइस नुसता बॉल दोन इंच मागे घेऊन अर्धे झालेत.

बॉल उचलायचा नाही

नवीन माणसाला बॉल जमिनीवर दिसला की तो खालून उचलायला बघतो, मनगटं पुढे मोडतात, वजन मागच्या पायावर, आणि मग एकतर बॉलच्या आधी जमीन लागते किंवा बॉलचं डोकं. त्याला "वजन पुढे न्या" म्हणून काही होत नाही कारण त्याच्या मनात बॉल वर कसा जाणार हीच भीती असते. भीती काढली की वजन आपोआप पुढे जातं. सात नंबरच्या फेसवर तिरपा बॉल ठेवून दाखवा, हा उतार बघा, हा उतारच बॉलला वर पाठवतो, तुम्ही फक्त बॉल आणि त्याच्या पुढचं गवत घ्या. पुरुषांच्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत, सात नंबरने क्लब सरासरी चार अंश खाली येत असतो आणि तरी बॉल १६ अंशांनी वर निघतो, मिनिटाला सात हजार फेऱ्या घेत.

रेंजच्या मॅटवर एक फसवणूक असते ती लक्षात ठेवा, क्लब बॉलच्या दोन इंच आधी मॅटला लागला तरी घसरत पुढे जातो आणि शॉट बरा दिसतो, तोच शॉट गवतावर वीस यार्ड जाईल. शक्य असेल तर महिन्यातून दोनदा तरी गवतावर न्या, बॉलच्या बाजूला चुन्याची किंवा पावडरची एक रेघ मारा आणि डिव्हॉट, म्हणजे क्लबने गवत उडून पडलेला खड्डा, रेघेच्या पुढे सुरू होतोय का ते बघा. यापेक्षा स्वस्त आणि खरं मशिन नाही.

ड्रायव्हरचं वेगळं, तो बॉल टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर, असतो, तिथे थोडं वर मारलेलं चालतं, उलट आपल्यासारख्या कमी वेगाच्या लोकांना लागतंच. टीव्हीवर पुरुषांची टूर बघून लोक त्यांची नक्कल करतात, काही वर्षांपूर्वीच्या सरासरीत त्यांचा क्लबचा वेग ताशी ११३ मैल, ते सरासरी किंचित खाली मारतात, बॉल साधारण ११ अंशांनी निघतो. आपला हौशी माणूस ८०-९० मैलाचा. त्याने बायकांच्या टूरकडे बघावं, वेग ९४ च्या आसपास, क्लब तीन अंश वर जात असताना लागतो, बॉल १३ अंशांनी निघतो आणि २१८ यार्ड हवेतून जातो. ९४ मैलात २१८ यार्ड कॅरी! आपले लोक जवळपास तेवढ्याच वेगात १९० वर अडकतात, कारण बॉल खाली निघतो आणि जास्त फिरतो. टी थोडी उंच, बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, उजवा खांदा जरा खाली, एवढं करून बघा.

वारा, पाऊस, डोंगर

समोरून वारा असला की माणूस जोरात मारतो. जोरात मारलं की स्पिन वाढतो, स्पिन वाढला की उचल वाढते, बॉल वर चढतो आणि जागच्या जागी लटकून खाली पडतो. एक-दोन क्लब जास्त घ्या आणि हळू मारा. समोरचा वारा जेवढं खातो तेवढं मागचा वारा देत नाही हे पण शिकवा.

दमट हवा जड असते असं मुंबईकडे सगळे म्हणतात. उलटं आहे, पाण्याची वाफ नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळ असते, फरक इतका कमी की विसरून जा. पावसाळ्यात अंतर जातं ते बॉल पडून पळत नाही म्हणून. आणि ओल्या गवतात वेज वापरताना फेस आणि बॉलच्या मध्ये पाणी आलं की घर्षण जातं, बॉल जास्त वर निघतो, स्पिन कमी होतो आणि ग्रीनवर थांबत नाही. शिकणारा म्हणतो माझा वेज बिघडला. काही बिघडलं नाही, फेस पुसा आणि ग्रीनच्या पुढच्या भागात टाका. थंडीत मात्र हवा खरंच दाट होते आणि बॉल पण कडक होतो, पुण्यात डिसेंबरच्या सकाळी आणि मेच्या दुपारी एकाच क्लबमध्ये पाच-दहा यार्डांचा फरक सहज पडतो. चेंबूरला खेळणारा माणूस पुण्यात आला तर साडेपाचशे मीटर उंचीमुळे २०० यार्डाला चारेक यार्ड जास्त मिळतात, डोकं खाजवायची गरज नाही.

उतारावर, बॉल पायापेक्षा वर असेल तर लॉफ्ट असलेला फेस आपोआप डावीकडे बघायला लागतो, जेवढा लॉफ्ट जास्त तेवढा जास्त, म्हणून वेजने नेहमीपेक्षा उजवीकडे एम. बॉल पायाखाली असेल तर उलट. हे मॅटवर कधीच कळत नाही, कोर्सवर नेऊनच दाखवावं लागतं.

किती सांगायचं

हे सगळं कोचच्या डोक्यात पाहिजे, शिकणाऱ्याच्या नाही. त्याला एका वेळी एक गोष्ट, ती पण त्याच्या भाषेत. इंजिनिअर असेल तर त्याला अंश आणि टक्के सांगा, त्याला मजा येते. दहा वर्षांच्या मुलाला "बॉलला डावीकडे वळवून दाखव" एवढंच म्हणा, तो स्वतः शोधतो कसं ते, मुलं आपल्यापेक्षा पटकन शोधतात.

आणि तासाच्या शेवटी पाच मिनिटं ठेवा, शिकणाऱ्याला स्वतःचा बॉल स्वतः वाचायला लावा. मारला की मी विचारतो, कुठे निघाला? कुठे वळला? मग फेस कुठे होता? सुरुवातीला माझ्याकडे बघतात, उत्तर माझ्याकडून हवं असतं, मी नाही देत. त्या बँकेतल्या काकांना महिना लागला. एका रविवारी कोर्सवर सहाव्या होलला त्यांचा बॉल उजवीकडे गेला, मी काही बोलायच्या आत ते स्वतःच म्हणाले, "निघतानाच उजवीकडे निघाला, ग्रिप सैल पडली माझी," आणि पुढच्या टीवर हात नीट ठेवून मधोमध मारला.